घरपट्टीचे गाऱ्हाणे

घरमालकाच्या आयुष्यात अधूनमधून येणारा एक रुक्ष कागद म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोटीस. घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, ठरविलेले मूल्य आणि भरावयाची रक्कम एवढा मजकूर त्यात असतो. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, की ही आकारणी मान्य नसल्यास ठराविक मुदतीत लेखी हरकत घ्यावी. बहुतेक जण रकमेवर नजर टाकतात, सुस्कारा सोडतात आणि कागद कपाटात ठेवून देतात. तळाची ओळ कोणी वाचत नाही. पण त्या नोटिशीत इतिहास कोठे असेल, तर तो ह्या ओळीतच आहे. सरकारने माझ्या घराची किंमत ठरवावी आणि ती चुकली असे मी म्हणावे, एवढेच नव्हे तर माझे म्हणणे ऐकून घेण्यास कोणीतरी बांधलेले असावे, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ती कशी घडली हे पाहू लागले, की आपल्याला प्रथम काशीला जावे लागते.

१८१० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने एक नवा कायदा केला. त्या वर्षाचा हा पंधरावा रेग्युलेशन. कलकत्त्यात घरावरील कर आधीपासून होता. तो आता बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस ह्या प्रांतांतील मोठ्या शहरांना लागू करावयाचा होता. राहत्या घरावर वार्षिक भाड्याच्या शेकडा ५ आणि दुकानावर शेकडा १० असा दर ठरला. मालक स्वतःच घरात राहत असेल तर भाडे कोठून आणावयाचे? त्यासाठी शेजारपाजारच्या तशाच घरांना जे भाडे येते त्यावरून अंदाज करावा, अशी तरतूद होती. आश्चर्य वाटेल, पण ह्या कायद्यात दाद मागण्याचीही सोय होती. आकारणी अन्यायाची वाटली तर अर्ज करता येत असे. मात्र त्यालाच एक शेपूट जोडलेले होते. अर्ज निराधार आणि केवळ भांडखोरपणाने केलेला आहे असे ठरले, तर अर्जदाराला दंड करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना दिलेला होता. दार उघडे ठेवावयाचे आणि उंबरठ्यावर सोटा घेऊन माणूस बसवावयाचा, असा हा प्रकार होता.

काशीच्या लोकांनी त्या दाराने आत जाण्याचे नाकारले. डिसेंबर १८१० मध्ये आकारणीसाठी घरांची मोजदाद सुरू होताच शहर उठले. दुकाने बंद झाली. लोहार, मिस्त्री, विणकर, न्हावी, शिंपी, कहार, नावाडी, सगळ्यांनी काम थांबविले. हजारो माणसे घरे सोडून शहराबाहेरच्या मैदानात जाऊन बसली आणि कर रद्द होईपर्यंत उठणार नाही असे त्यांनी जाहीर केले. अंत्यविधी करणारे मिळेनात म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडावी लागली, अशी नोंद त्या वेळच्या सरकारी पत्रांत आहे. काशीसारख्या क्षेत्रात ह्याहून मोठा निषेध कोणता असू शकेल? ही पत्रे दीडशे वर्षे दप्तरात पडून होती. धरमपाल ह्या अभ्यासकाने ती १९७१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि सत्याग्रहाची आपल्या देशातील मुळे किती खोल आहेत हे अनेकांच्या प्रथमच ध्यानात आले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने हरताळापेक्षाही महत्त्वाचा आहे तो काशीकरांनी केलेला अर्ज. त्यात आक्रोश नाही. एखाद्या मुरलेल्या वकिलाने मांडावे तसे मुद्दे आहेत. पहिला मुद्दा असा, की आजवरच्या कोणत्याही राज्यकर्त्याने शेतसाऱ्याचा आपला हक्क रयतेच्या राहत्या घरापर्यंत नेला नव्हता; म्हणूनच तर जमीनदारीचा लिलाव होतानादेखील मालकाचे घर त्यातून वगळले जात असे. दुसरा मुद्दा असा, की घरपट्टी जर पोलीस-बंदोबस्ताच्या खर्चासाठी असेल, तर काशीत तो खर्च लोक आधीच करीत आहेत. गल्लीच्या तोंडाशी फाटक आणि फाटकावर रखवालदार, अशी तेथील फाटकबंदीची व्यवस्था रहिवाशांच्याच पैशावर चालत असे. एकाच कामासाठी दोनदा पैसे का द्यावयाचे? तिसरा मुद्दा असा, की ह्या नगरीतील पुष्कळशा वास्तू देवळे, मशिदी किंवा धर्मार्थ दिलेली घरे आहेत. त्या वगळल्या तर हाती येणारे उत्पन्न ते किती राहणार? अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले त्याला तेव्हा तीसच वर्षे झाली होती, आणि मराठी सरदारांनी बांधलेले घाट व वाडे गंगेच्या काठी उभे होते. तेव्हा ह्या तिसऱ्या मुद्द्यात आपल्याकडच्या दानधर्माचाही वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

सरकारचे उत्तर काय आले? अर्जाची भाषा अदबीची नाही, म्हणून तो फेटाळण्यात आला. पुढे धार्मिक वास्तूंना आणि अगदी गरिबांच्या घरांना सूट देण्याची तयारी सरकारने दाखविली. पण मूळ कर कायम ठेवला. अखेर काशीनरेशांच्या मध्यस्थीने लोक घरोघर परतले. वरवर पाहता सरकारचा शब्द राहिला. परंतु वसुली काही पुढे सरकेना, आणि १८१२ साली तो कर रद्द झाला. अर्ज नामंजूर आणि मागणी मंजूर, असा हा विलक्षण निकाल होता.

सगळीकडे असे भाग्य लाभले नाही. बरेलीमध्ये १८१६ साली चौकीदारीसाठी बसविलेल्या घरोघरच्या कराविरुद्ध लोकांनी अशीच गाऱ्हाणी घातली. ती ऐकली गेली नाहीत. मुफ्ती महंमद ऐवज ह्या वृद्ध आणि सर्वमान्य धर्मपंडिताभोवती लोक जमले, लष्कर आले, आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. घरपट्टीच्या गाऱ्हाण्याला नीट वाट नसली म्हणजे ते कोठवर जाऊ शकते, ह्याचे हे रक्ताने लिहिलेले उदाहरण आहे.

येथे क्षणभर थांबून एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पुढचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे. घरपट्टीविरुद्धच्या प्रत्येक गाऱ्हाण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला प्रश्न, “इतका कर का?” आणि दुसरा प्रश्न, “कर का?” पहिला प्रश्न आकड्याचा आहे, दुसरा अधिकाराचा. १८१० च्या कायद्यातील अर्जाची सोय केवळ पहिल्या प्रश्नापुरती होती. काशीकरांना विचारावयाचा होता तो दुसरा. तो विचारण्यासाठी त्या राज्यात कोणतीही जागा नव्हती, म्हणून ते मैदानात जाऊन बसले.

पहिल्या प्रश्नाचे शास्त्र आपल्याकडे आले ते इंग्लंडातून. तेथे १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्यापासून प्रत्येक पॅरिशमध्ये घरादारावर कर बसत असे, आणि तो अन्यायाचा वाटल्यास न्यायाधीशांच्या त्रैमासिक सत्रापुढे दाद मागता येत असे. १८३६ साली तेथील पार्लमेंटने ह्या आकारणीचे माप निश्चित केले. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असो वा नसो, ते वर्षाच्या कराराने दिले असता वाजवीपणे जे भाडे येईल ते त्याचे मूल्य. ह्या व्याख्येतून एक अजब पात्र जन्माला आले. ते म्हणजे काल्पनिक भाडेकरू. हा कोणी पाहिलेला नाही, तो कधी राहावयास येत नाही, भाडे तर कधीच देत नाही. पण आपण आपल्याच घरात राहत असलो तरी आपल्या घरपट्टीचा आकडा तो ठरवितो. गेली दीडशे वर्षे आपल्या देशातील कितीतरी घरांत हा अदृश्य गृहस्थ वस्तीला आहे.

दुसऱ्या प्रश्नाला वाट मिळाली ती मुंबईत, आणि तीही एका आर्थिक संकटातून. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा नगरकारभार जवळजवळ एकहाती एका कमिशनराकडे सोपविला गेला होता. आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे गृहस्थ त्या जागी आले. रस्ते, गटारे, बाजार अशी कामे त्यांनी झपाट्याने हाती घेतली. पण त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा फुगा फुटला आणि मुंबईचे धनिक रातोरात कंगाल झाले. शहराचे उत्पन्न आटले आणि खर्च मात्र वाढत राहिला. करदाते खवळले. १८७१ साली त्यांची चळवळ शिगेला पोहोचली, तेव्हा फिरोजशहा मेहता ह्या तरुण बॅरिस्टराने सर्वांच्या रोषाला न जुमानता एक वेगळाच विचार मांडला. दोष एका माणसाचा नसून रचनेचा आहे, आणि कमिशनराचे हात बांधणे हा त्यावरचा उपाय नसून करदात्यांनी निवडून दिलेली सभा त्याच्यावर देखरेखीस बसविणे हाच खरा उपाय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉर्पोरेशनच्या ६४ सभासदांपैकी निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. मतदार मूठभरच होते, हे खरे. परंतु “कर का?” हा प्रश्न विचारण्यासाठी आता मैदानात जाण्याची गरज उरली नाही, त्यासाठी एक सभागृह मिळाले.

आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने “इतका कर का?” ह्या पहिल्या प्रश्नाचीही नीट व्यवस्था लावून दिली. घराचे करयोग्य मूल्य काढताना वाजवी वार्षिक भाडे धरावे आणि त्यातून दुरुस्ती वगैरे सर्व कारणांसाठी शेकडा १० वजा करावेत. आकारणीचे पुस्तक लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवावे. ज्याला ते मान्य नसेल त्याने मुदतीत लेखी तक्रार करावी. कमिशनराने तक्रारदाराला ऐकून निर्णय द्यावा आणि तो नोंदवून ठेवावा. एवढ्याने समाधान झाले नाही तर लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशापुढे अपील करावे. ह्या पायऱ्यांत शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. मोजणारा आणि तक्रार ऐकणारा हे दोघेही पालिकेचेच असले, तर सुनावणी कितीही सौजन्याने झाली तरी घरमालकाच्या मनातील किल्मिष जात नाही. न्यायाधीश हा पालिकेचा नोकर नव्हे. काशीत अर्जाची भाषा पाहिली गेली. येथे अर्जातील आकडा पाहिला जाऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर ह्या वाटेने गेलेली गाऱ्हाणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. कलकत्त्याच्या पद्मा देबी खटल्यात १९६१ साली प्रश्न असा निघाला, की भाडेनियंत्रणाच्या कायद्याने घरमालकाला ठराविक प्रमाणभाड्याहून अधिक घेता येत नसेल, तर पालिकेने कर मात्र वाढीव भाडे कल्पून बसवावा काय? न्यायालयाने नाही म्हणून सांगितले. जे भाडे घेणे कायद्याने निषिद्ध आहे ते ‘वाजवीपणे येईल’ असे म्हणता येणार नाही. १९७९ च्या अखेरीस दिल्लीतील दिवाण दौलत राय कपूर खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी हे तत्त्व आणखी पुढे नेले. प्रमाणभाडे कोणी ठरवून घेतलेले नसले तरी ते किती झाले असते हे पालिकेने स्वतः काढावे आणि त्यापलीकडे जाऊ नये, असा तो निर्णय होता. काल्पनिक भाडेकरूलाही कायदा पाळावा लागतो, असा ह्या निकालांचा थोडक्यात अर्थ.

ह्या विजयाची दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहास अपुरा राहील. भाडी गोठली तशी घरपट्टीही गोठली. चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या इमारतीला नाममात्र कर आणि तिच्या शेजारी नव्याने बांधलेल्या तेवढ्याच इमारतीला भरमसाट कर, असे दृश्य शहराशहरांत दिसू लागले. जुन्या घरांना मिळालेल्या न्यायाची किंमत नवी घरे आणि पालिकेची तिजोरी मोजू लागली. शिवाय भाड्याचा अंदाज हा शेवटी कोणा एका निरीक्षकाचा अंदाज. आणि जेथे अंदाज आहे तेथे चहापाण्याचीही शक्यता आहे, हे आम्हा सरकारी माणसांना कोणी सांगावयास नको.

म्हणून भाडेकरूला निरोप देऊन सरळ फूटपट्टी हाती घ्यावी, असा विचार पुढे आला. पण फूटपट्टीदेखील आंधळी असू शकते. केरळ सरकारने १९६१ साली केवळ चटईक्षेत्रावर आधारलेला इमारत-कर बसविला होता. इमारत कोठे आहे, कशी आहे, तिचा उपयोग काय, उत्पन्न किती, ह्यांपैकी कशाचाही विचार त्यात नव्हता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेतील समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. असमानांना एकाच मापाने मोजणे हीही विषमताच होय, हा धडा त्यातून मिळाला. पाटण्याच्या महानगरपालिकेने तो गिरविला. १९९३ साली तिने रस्त्याचे महत्त्व, इमारतीचा उपयोग आणि बांधकामाचा दर्जा ह्या तीन कसोट्यांवर घरांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला चौरस फुटाचा दर लावला, आणि ही पद्धत सर्वोच्च न्यायालयात १९९५ साली टिकली. पुढे बंगळूर, दिल्ली ह्या शहरांनी ह्याच धर्तीची क्षेत्राधारित पद्धत स्वीकारून आपली आकारणी आपणच करण्याची मुभा नागरिकांना दिली. मुंबईने वेगळी वाट धरून २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसविला. तेथेही गाऱ्हाणे उभे राहिलेच. जमिनीवर पुढेमागे किती बांधता येईल ह्याचा विचार करून आज तिचे मूल्य वाढविता येईल काय, असा त्यातील एक प्रश्न होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करणारे नियम रद्दबातल ठरविले. जे आहे त्यावर कर घ्यावा, जे होऊ शकेल त्यावर नव्हे.

इतके सगळे झाले तरी काशीच्या उंबरठ्यावरचा तो सोटेवाला अगदीच निघून गेला आहे असे नाही. अनेक शहरांच्या कायद्यांत अपील ऐकले जाण्यापूर्वी वादातील कर भरावा लागतो. अहमदाबादच्या एका प्रकरणात ह्या अटीला आव्हान दिले गेले, तेव्हा अपिलाचा हक्क कायद्याने निर्माण केलेला आहे, म्हणून कायदा त्याला अटीही घालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितले. ह्या अटीमागचे कारण मी समजू शकतो. प्रत्येकाने अपील करून कर थकविला, तर सकाळी नळाला पाणी कोठून येणार? परंतु ज्याच्यापाशी भरण्यापुरते पैसेच नाहीत, त्याला ती बारीक अक्षरांतील ओळ निरुपयोगी ठरते, हेही तितकेच खरे आहे.

नोकरीच्या प्रारंभीच्या काळात एका लहानशा नगरपालिकेत अशा हरकतींच्या सुनावणीचे काम माझ्याकडे आले होते. दिवसाला साठ-सत्तर प्रकरणे निकालात काढावयाची, असा क्रम. एके दिवशी एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या घराच्या मागची पडवी आदल्या पावसाळ्यात कोसळली होती आणि आकारणीत ती अजून उभी होती. हिशेब केला तेव्हा फरक निघाला तो वर्षाला जेमतेम काही रुपयांचा. मी सहज म्हणालो, “गुरुजी, एवढ्यासाठी आपण दोन खेपा घातल्यात? रिक्षालाच ह्याहून जास्त गेले असतील.” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पैशाचं राहू द्या. आपल्या दप्तरात माझी पडवी उभी आहे आणि माझ्या घरी ती पडलेली आहे. दोघांपैकी एक खोटं आहे. ते खोटं माझ्या नावावर नको.” मी अभियंत्याला पाठवून पाहणी करविली आणि पडवी कागदावरूनही पाडली. त्या दिवसानंतर मी कोणाला रिक्षाचे भाडे ऐकविले नाही.

गुरुजींचा प्रश्न पहिल्या प्रकारचा होता, आकड्याचा; आणि त्याला वाट होती. दुसऱ्या प्रश्नाचे काय? मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. माझ्याच व्यवसायातील माणसाबद्दल मी अन्यथा कशाला बोलू? पण त्याच्यापुढे “इतका कर का?” एवढेच विचारता येते. “कर का, आणि कशासाठी?” हे विचारण्याची जागा सभागृह हीच आहे. १८७२ साली करदात्यांनी जे मिळविले त्याचे मोल ते नसते तेव्हाच कळते.

पुढच्या वेळी घरपट्टीची नोटीस येईल तेव्हा ती तळापर्यंत वाचावी. आकारणी बरोबर असेल तर कर वेळेवर भरावा. शहर त्यावरच चालते. चुकली असेल तर हरकत जरूर घ्यावी, मग फरक चार रुपयांचा का असेना. हरकत घेणारा नागरिक सरकारचा वैरी नव्हे. सरकारच्या दप्तरातील खोटे दुरुस्त करण्यास तो विनामोल हातभार लावीत असतो. काशीच्या लोहारांना आणि नावाड्यांना ह्यासाठी पौषातल्या थंडीत उघड्यावर बसावे लागले. आपल्याला केवळ एक अर्ज लिहावयाचा आहे.